डाव्या डब्यातलं ओझं

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या मागे कडुलिंबाखाली गंजलेल्या गाड्यांची रांग तुम्ही कधी पाहिली आहे का? त्या रांगेत भिंतीकडून दुसरी, जिच्या हँडलला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आहे, ती मी. मी एक जुनी मोटारसायकल आहे. लोक मला बुलेट म्हणतात आणि रस्त्यात मला वाट द्यायचे. दिसायला मी दांडगी आहे खरी, पण माझ्याइतकी भित्री गाडी साऱ्या आर्णी तालुक्यात शोधून सापडणार नाही. आज मी तुम्हाला माझ्या भीतीचीच गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आता आठवत नाही. एक माणूस मात्र आठवतो. श्वास रोखून तो माझ्या टाकीवर ब्रशानं सोनेरी रेघ ओढायचा. मग रेल्वे, मग ट्रक आणि शेवटी आर्णीजवळचा एक तांडा. मला पूनमसिंगांनी विकत घेतलं होतं. त्यांच्या पत्नीनं, मानीबाईनं, माझ्या टाकीला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मागच्या सीटवर बसायला साफ नकार दिला.

"हे म्हैस लय हंबरते," ती म्हणाली. "मी आपली पायीच बरी."

पुढच्या बाजाराला मात्र ती बसली, आणि नंतर तिला उतरवणं कठीण झालं.

पूनमसिंगांकडे परवान्याची बंदूक होती. रानडुकरं रात्रीतून उभं पीक झोपवतात, म्हणून राखणीसाठी मिळालेली. निवडणूक लागली की परवान्याच्या साऱ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेव्हा आम्ही तिघं निघायचो. बंदूक रिकामी करून, धोतराच्या कापडात गुंडाळून पूनमसिंगांच्या पाठीला, आणि काडतुसं मानीबाईच्या पिशवीत. एकाच माणसाजवळ दोन्ही द्यायची नाहीत, हा त्यांच्या घरचा कायदा. "आमचं भांडण झालं का बंदूक उपाशी," असं पूनमसिंग हसून सांगायचे. पण एकदा पाहुण्यानं भरलेली बंदूक माझ्यावर टेकवली, तेव्हा ते हसले नव्हते.

"भरली बंदूक गाडीवर ठेवाची नाही," ते ओरडले. "गाडी हादरते. बंदुकीले काय समजते, हादरा कोनता अन् बोट कोनतं?"

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की ते एक दिवस माझ्यावरच उलटणार आहे.

मग वर्षं गेली. पूनमसिंगांचे गुडघे दुखायला लागले, त्यांना मला किक मारवेना. मी गोठ्यात जाऊन पडले. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली आणि सोनेरी रेघेवर शेणाचे शिंतोडे वाळले. मित्रांनो, कामाची वस्तू बिनकामाची झाली की तिला सगळ्यात आधी धूळ ओळखते.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलानं, राजकुमारनं. त्याला मोटारसायकलींचं वेडच. आर्णीत शादाब नावाचा त्याचा जिवलग मित्र, त्याचं छोटं गॅरेज. शादाबनं माझा सुटा सुटा भाग घासला, पुसला, जोडला. त्याचे हात काळे, पण स्पर्श असा की दुखऱ्या जागेला आधीच कळावं, हा बरं करायला आला आहे. इंजिनाला कान लावून तो ऐकत बसायचा आणि म्हणायचा, "बोल, बोल, काय दुखून राह्यलं तुह्यं?" इतक्या प्रेमानं मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

राजकुमार, शादाब, मोबाइलचं दुकान चालवणारा अश्वजित आणि शेजारच्या तांड्यावरचा हरिसिंग, असा चौघांचा जथा जमला. नाव ठेवलं 'अरुणावती रायडर्स'. सुट्टीच्या दिवशी सगळे माहूरकडे निघायचे. हरिसिंगच्या हट्टानं राजकुमारनं मला नवा सायलेन्सर बसवला. चालू गाडीचं बटण बंद-चालू केलं की त्यातून धाड धाड बार निघायचे, बंदूक झाडल्यासारखे. म्हातारी माणसं दचकायची, कुत्री पळायची, पोरं टाळ्या पिटायची. आणि दर वेळी शादाब छातीवर हात दाबून "हाय, मेलो रे!" म्हणत जमिनीवर आडवा व्हायचा. मग सगळे पोट धरून हसायचे. माझी तारीफ व्हायची, फोटो निघायचे. मला मात्र माझ्याच आवाजानं धस्स व्हायचं.

एका संध्याकाळी राजकुमार एकटाच माहूरहून परतत होता. घाटाच्या पायथ्याशी दोघांनी वाट अडवली. चाकू दाखवला, गळ्यातली चेन ओढली, मोबाइल घेतला आणि जाता जाता एकानं त्याच्या थोबाडीत दिली. चेन गेल्याचं त्यानं सगळ्यांना सांगितलं. थोबाडीत बसल्याचं कुणालाच नाही. पण गाडीला माणसाचं मन गुडघ्यांतून कळतं. घरी येईपर्यंत त्याचे गुडघे माझ्या टाकीला चिकटून थरथरत होते. त्या दिवसापासून वाटेतलं प्रत्येक झाड त्याला माणूस दिसायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काही खोटं नाही.

थोड्याच दिवसांत माझ्या डाव्या डब्यात, जिथे पाना-पेचकस राहतात, तिथे कापडात गुंडाळलेलं एक जड काहीतरी आलं. चोरून विकतात ते देशी पिस्तूल, ज्याला कट्टा म्हणतात. ते राजकुमारनं कुठून आणलं हे मला ठाऊक आहे, पण तुम्हाला सांगणार नाही. त्या कट्ट्याला ना परवाना होता, ना चुकून सुटणारी गोळी अडवणारा खटका. आणि ते भरलेलं होतं.

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. मी म्हणजे सगळी थरथर. उभी असले तरी थरथरते, पळाले की अधिकच. प्रत्येक खड्ड्याला तो कट्टा डब्यात उडायचा, पत्र्यावर आपटायचा, आणि मला पूनमसिंगांचं वाक्य आठवायचं. त्याचं तोंड कधी राजकुमारच्या पोटरीकडे असायचं, कधी मागे बसलेल्याच्या पायाकडे. मी बंद पडून पाहिलं. किकला उलटा झटका देऊन पाहिलं. राजकुमार म्हणायचा, "बुढी झाली साली." माझी भीती त्याला कळतच नव्हती.

पूनमसिंगांना मात्र खडखड ऐकू आली.

"डब्यात काय वाजते रे?"

"पाना आहे, बा," राजकुमार म्हणाला.

बापानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. विश्वास ठेवला.

यवतमाळ रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलापुढे राजकुमारनं एकदा मित्रांना डबा उघडून दाखवला. मी मध्ये उभी, ते चौघे माझ्याभोवती.

"वा रे वाघा!" हरिसिंगचे डोळे चमकले. कट्ट्याला तो घोडा म्हणायचा. "आता दिसतो खरा रायडर. गाडी अन् घोडा, जोडी पायजे."

अश्वजितनं आधी मागे-पुढे पाहिलं. "फोटोपुरता ठीक आहे गड्या. पन गोळी काढून ठेव. भरेल कायले ठेवतं?"

"रिकामा ठेवून काय फायदा?" राजकुमार म्हणाला. " रस्त्यात थांबवलं त त्याईले म्हणू का, थांबा, भरतो?"

शादाबनं चहाचा कप खाली ठेवला. त्याचा नेहमीचा हसरा चेहरा उतरला होता.

"राजू, हे फेकून दे. आत्ताच्या आत्ता नदीत फेक."

"तुले काय भेव आहे? तुह्या घरात थोडी ठेवला?"

"गाडी माह्या ग्यारेजात येते ना बे. उद्या सापडलं त तुले मंग विचारतीन. मले आधी उचलतीन. आमच्या घरात अब्बा राह्यते, अम्मी राह्यते. अन् दुसरं सांगू? तुले वाटते, हे तुह्यी राखण करून राह्यलं. मले त दिसते, तूच याची राखण करून राह्यला."

राजकुमार चिडला. त्यानं डबा धाडकन बंद केला. आठवड्यानं शादाबनं पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टाकला रे बाबा. अरुणावतीच्या डोहात. झालं समाधान?"

शादाबचा जीव भांड्यात पडला. त्यानं राजकुमारला मिठी मारली. तेव्हा कट्टा त्या दोघांपासून हातभर अंतरावर, माझ्या डब्यात होता. मला वाचा असती तर मी साऱ्या बाजारात बोंब ठोकली असती.

दसरा आला. तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे दरवर्षी गाड्यांची पूजा होते. राजकुमारनं सकाळी मला स्वतः धुतलं. डबा उघडून पुसला. नेहमी तो डब्याला कुलूप लावायचा, पण तेवढ्यात हरिसिंगनं हाक मारली आणि कुलूप सीटवरच राहिलं. माझ्या गळ्यात झेंडूची माळ पडली, चाकांखाली लिंबं आली. सकाळी विहारातला कार्यक्रम आटोपून अश्वजित पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला. शादाब मिठाईचा पुडा घेऊन आला. मानीबाईनं सगळ्यांना ओवाळलं, पूनमसिंगांनी नारळ फोडला.

आता सलामी. रायडर्सचा तसा रिवाजच पडला होता. पूजा झाली की साऱ्या गाड्या चालू करायच्या आणि एकदम बार काढायचे. राजकुमार माझ्यावर बसला. धाड धाड सुरू झालं. पोरं नाचायला लागली, हरिसिंग मोबाइल धरून उभा राहिला.

पण मी अडखळत होते. भीतीनं म्हणा, वयानं म्हणा, माझा सूर मध्येच तुटत होता. एवढ्या गोंगाटात तो तुटलेला सूर एकाच माणसाला ऐकू आला. शादाब माझ्याजवळ उकिडवा बसला आणि राजकुमारला ओरडून म्हणाला, "थांब जरा, पेचकसनं सूर लावून देतो!" राजकुमारला ते ऐकू गेलं नाही.

शादाबनं डावा डबा उघडला. पेचकस कापडात असतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं कापड धरून ओढलं.

माझ्या बारांमध्ये आणखी एक बार झाला.

कुणीही वळून पाहिलं नाही, मित्रांनो. शादाब छातीशी हात दाबून खाली बसला आणि मग आडवा झाला. आणि सगळे हसले. दर वेळी हसायचे तसेच हसले. हरिसिंग ओरडला, "अबे, आज त मस्तच मेला!" राजकुमारही माझ्यावर बसून हसत होता आणि बटण दाबत होता. धाड, धाड. शादाबचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते माझ्याच आवाजात बुडून गेलं.

मंदिराच्या ओट्यावर पूनमसिंग नारळाची करवंटी हातात घेऊन बसले होते. त्यांनी एकदम नाक वर केलं.

"हा पेट्रोलचा धूर नाही," ते म्हणाले. मग दुखऱ्या गुडघ्यांनी ते धावले. तसे धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझी किल्ली फिरवली आणि हात उंचावून बाकीच्या गाड्याही बंद करायला लावल्या.

सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत शादाबचं कण्हणं ऐकू आलं. माझ्या माळेतली झेंडूची फुलं खाली पडली होती, ती लाल होत होती. अश्वजितनं आपला पांढरा सदरा काढून शादाबच्या हाताला गुंडाळला. पाहता पाहता तोही लाल झाला. पूनमसिंगांनी उघड्या डब्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"पाना म्हनला होता ना तू?"

राजकुमार अजून माझ्यावरच बसून होता. त्याचे गुडघे पुन्हा माझ्या टाकीला चिकटून थरथरत होते.

शादाबला जीपमधून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. तो वाचला. पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. त्याच बोटांनी तो माझा सूर लावायचा. राजकुमारवर खटला चालू आहे. जामिनावर सुटून तो घरी आहे, पण दाराबाहेर फारसा पडत नाही. आणि मी इथे आहे, पुरावा म्हणून. ऊन-पावसात माझी टाकी गंजली. सोनेरी रेघेचा एवढासा तुकडा तेवढा शिल्लक राहिला आहे.

परवा निवडणूक लागली आणि पूनमसिंग-मानीबाई ठाण्यात आले, काळ्यापिवळ्या जीपनं. बंदूक त्यांच्या पाठीला, काडतुसं तिच्या पिशवीत, तसंच. बंदूक टेबलावर ठेवून ते हवालदाराला म्हणाले, "साहेब, आता वापस न्याची नाही. परवानाही घ्या."

"मग डुकरं, दादा?"

"खातीन थोडं. खाऊ द्या."

मग दोघं मागच्या अंगणात आली. मानीबाईनं पदरानं माझी सीट पुसली. पूनमसिंगांनी डाव्या डब्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "शादाब डाव्या हातानं पाना धरून राह्यला," त्यांनी मला सांगितलं, जसं घरच्या माणसाला सांगावं. "राजू कधी निघालाच त त्याच्या ग्यारेजासमोरून परत येते. आत जाची हिंमत होत नाही."

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यानं कुणाची तरी वरात निघाली. धाड. धाड. दोघंही जागच्या जागी दचकली आणि वळली. मी फाटकातून रस्ता पाहत होते. पानठेल्यावरची माणसं सुपारी चघळत होती. पोरं नाचत होती. दुसरं कुणीही वळलं नाही.

मित्रांनो, माझं ऐका. गाडीच्या डब्यात पाना ठेवा, पेचकस ठेवा, वाटेत भूक लागली तर भाकर ठेवा. भीतीला मात्र जागा देऊ नका. ती हत्यार घेऊन येते, आणि मग तिच्या हातात कोण सापडेल हे तिलाही ठाऊक नसतं. आणि एवढं एक माझ्यासाठी करा. रस्त्यात असा बार ऐकू आला आणि कुणी हसत हसत खाली पडला, तर तुम्ही हसण्याआधी एकदा त्याच्याजवळ जा. तो काय म्हणतो आहे, ते ऐका.