सासू-जावयांनी मला कापले तेव्हा

मित्रांनो, कोपऱ्यावरच्या बैठ्या घरासमोर जे बुटकेसे मेंदीचे कुंपण दिसते ना, ते मी. मी एक जुने कुंपण आहे. पण सध्या माझ्या अंगात असा उत्साह सळसळतो आहे, की कालच्या रोपानेही लाजावे!

या घरातल्या बाबांनी मला लावले. ते घड्याळे दुरुस्त करत. दिवसभर बारीक चाकांशी झटापट करून आखडलेले त्यांचे हात माझ्या फांद्यांत मोकळे होत. आधी दोरी ताणायची, मग मोठी कात्री कचकच चालवायची, मग रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटून पाहायचे. येणारे-जाणारे माझ्या सरळपणाचे कौतुक करत आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

पुढे बाबा वारले. आई एकट्या पडल्या, म्हणून त्यांची मुलगी आणि जावई सोबतीला इथेच राहायला आले. आईंनी कात्री तेल लावून कपाटात ठेवली आणि दोघांना बजावले, "त्यांच्या हातचं आहे ते. कोणी हात लावायचा नाही."

त्यामागची माया मला कळत होती. पण मी वाढत सुटले. खिडकी झाकली, फाटकावर ओणवे झाले, अर्धा फुटपाथ गिळला. बाहेरून हिरवेगार, आत मात्र उजेडच पोचेना. पाने झडून नुसत्या काटक्या उरल्या. बडा घर पोकळ वासा!

जावई बस चालवत. बोलणे मोजके. आई त्यांना आग्रहाने वाढत, तब्येत विचारत, पण त्यापुढे दोघांची गाडी सरकत नसे.

एके सकाळी आई शिवलेले कपडे पोचवायला स्कूटरवरून निघाल्या. माझ्यामुळे त्यांना रस्ता दिसला नाही आणि सायकलवरून शाळेत निघालेल्या शेजारच्या पोरीला आई दिसल्या नाहीत. करकचून ब्रेक लागला. सायकल माझ्यात घुसली. पोरीच्या गुडघ्यावर निभावले, पण आईंनी स्कूटर तशीच परत आत घेतली.

जावयांनी त्यांना पाणी दिले आणि हळूच म्हणाले, "आई, पुढचं दिसत नसेल तर मी बस तसूभरही हलवत नाही. हे कापायला हवं."

दुसऱ्या दिवशी जावयांना सुट्टी होती, तर आई उजाडताच कपाटातली कात्री घेऊन आल्या. दुसरी शेजारून मागून आणली होती. "तुम्ही त्या टोकाकडून या, मी इकडून येते," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, काय सांगू! कच् झाले की आत उजेड, कच् झाले की वारा! आईंची कात्री कापडावर चालावी तशी नेमकी चाले. जावई मात्र मोकळा रस्ता मिळाल्यासारखे सुसाट. दोघे मध्यावर भेटले आणि थबकले. आईंची बाजू छातीइतकी, जावयांची जेमतेम कमरेइतकी. माझा झाला होता जिना!

जावयांचा चेहरा उतरला. "कापड कमी पडलं तर जोड देता येतो," आई म्हणाल्या. "इथे काय लावू?"

त्या रस्त्यापलीकडे गेल्या आणि एक डोळा मिटून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी श्वास रोखून धरला. परत आल्या त्या कात्री उचलूनच. "राहू द्या. मीच तुमच्या मापाला येते. तुम्ही फांद्या ओढा."

मग दुपारभर जावयांनी बसमधल्या गमती सांगितल्या, आईंनी बाबांच्या. मी तुकड्यातुकड्याने ऐकले, कारण माझे तुकडेच होत होते!

संध्याकाळी माझ्या जागी तपकिरी खुंटांची रांग होती. आईंच्या मुलीने कपाळाला हात लावला. "मारलंत तुम्ही दोघांनी याला," ती म्हणाली. मलाही धाकधूक होती. आई रोज पाणी घालत. जावई कामावरून आले, की आधी वाकून मला पाहत, मगच बूट काढत. खुंट जैसे थे.

आणि एका सकाळी सालीखाली टोचल्यासारखे झाले. मग दुसरीकडे, तिसरीकडे! आईंनी घरात हाक मारली, "अहो, लवकर या. फुटलंय." जावई तोंडातल्या ब्रशसकट धावत आले. फुटपाथवर उकिडवे बसून दोघे माझे पोपटी कोंब एकमेकांना दाखवत राहिले.

मित्रांनो, हात न लावणे म्हणजे जपणे नव्हे. तुमच्या आवडत्या झाडाला पाणी घाला, वेळेवर छाटा, आणि अधूनमधून पाने बाजूला सारून आत डोकावा. बाहेरच्या हिरवेपणावर भुलू नका. परवा मला पुन्हा कात्री लागणार आहे. टोके गोल ठेवायची की चौकोनी, यावरून सासू-जावयांची आत्ताच जुंपली आहे. जुंपू दे! मी दोन्हींना तयार आहे.