ताज्या कडीचं उत्तर

क्रिप्टोच्या ब्लॉकचेनची, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या साखळीची, एकेक कडी ताई डीएनएस या इंटरनेटच्या पत्तावहीतून वाटायची. वेबसाइटचा पत्ता विचारावा तसं कुणीही कडीचं नाव विचारायचं आणि उत्तरात कडी यायची. ठिकठिकाणचे सर्व्हर ते उत्तर जपून ठेवायचे आणि पुढच्याला परस्पर द्यायचे. जुन्या कड्या बदलत नाहीत, त्यांना ‘आठवडाभर ठेवा’ हा शेरा चालतो. ताजी कडी मात्र कधीमधी रद्द होते आणि तिच्यातले व्यवहार हवेत लटकतात. तिच्यावर ‘अर्धं मिनिट’च हवं.

आज ताईने ताज्या कडीवरही आठवडाच ठोकला, आणि नेमकी तीच रद्द झाली. तिने धावतपळत दुरुस्ती केली, पण नवं उत्तर विचारायला कुणी येईचना. जो तो जवळच्या सर्व्हरकडचं शिळं उत्तर घेऊन खूश! पडद्यावरचा विचारणांचा आलेख भुईसपाट झाला होता. ‘डोकं गहाण टाकलं होतं का मी?’ असं पुटपुटत तिने भावाला फोन लावला. त्याचं जुन्या मोटरसायकलींचं दुकान होतं, आणि पैसे पोचले का, हे तो तिच्याच सेवेला विचारायचा.

“आज कुणी क्रिप्टोत पैसे दिले असतील तर गाडी देऊ नकोस!”

“अगं, गेला की तो गाडी घेऊन,” भाऊ हसला. “पण मी काय कच्चा आहे? पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली. दर वेळी तुझं उत्तर तेच! म्हटलं, ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”