वरचं पातं, खालचं पातं

आमचं गाव कात्र्यांचं. सोयरीक जुळवताना मुलगा काय करतो असं इथे कोणी विचारत नाही. कुठल्या गल्लीतला, एवढंच विचारतात. एका गल्लीत पोलाद ठोकतात, दुसरीत मुठी वळवतात, आमच्या गल्लीत पाती घासतात. शेजारचे दोघे भाऊ एकाच बाकावर समोरासमोर बसत. थोरला वरचं पातं घाशी. ते पाहून धाकटा खालचं जुळवी. माप कोणीच घेत नसे. कात्री कापडातून सुळकन जाई; पण थोरल्याचं पातं धाकट्याच्याच पात्याला बसे.

मग बंदराजवळ कारखाना निघाला. पोलाद तिथेच जहाजातून उतरतं, वीज जात नाही, माल तिथूनच परदेशी जातो. व्यापारी तिकडे वळले. एक दिवस कारखान्याचा माणूस कारागीर शोधत गल्लीत आला. दोघांची पाती त्याने लोखंडी साच्यात घालून पाहिली. एकही बसलं नाही.

"हा तरुण आहे, शिकेल," तो धाकट्याकडे बघून म्हणाला.

"जा रे," थोरला म्हणाला. "दोघांनी माश्या मारण्यापेक्षा एकाने तरी कमवावं."

धाकटा बंदराकडे गेला. गावातला एक जुना व्यापारी तेवढा शिंप्यांसाठी अजून आमच्याच कात्र्या घेई. थोरल्याचं घर त्याच्यावर चाले. थोरल्याने गल्लीतल्या सगळ्यांची खालची पाती लावून पाहिली. पण त्यांचे हात आपापल्या जोडीदाराला सरावलेले. कापड नुसतं चघळलं जाई.

"अहो, ही कात्री आहे की बोळकं?" बायको हसली.

"एकदा शेवटचं बघतो," व्यापारी म्हणाला. "नाहीतर मलाही बंदराकडचाच माल घ्यावा लागेल."

थोरल्याने भावाला बोलावून घेतलं. तो सुट्टी काढून आला. दोघे बाकावर बसले. धाकट्याने पातं घासलं, थोरल्याने खिळा ठोकला. कात्री अडकली. दुसरीही अडकली.

"घाई करू नकोस."

"घाई नाही, दादा. हाताला आता साच्याची सवय झालीय. तुझं पातं दिसतंय, पण हात ऐकत नाही."

"बरं. मग तू तुझ्या सवयीने घास. मी जुळवून घेतो."

धाकट्याने घासून दिलं. ते समोर ठेवून थोरला कानस घेऊन आपल्या पात्यावर वाकला. जन्मभर दुसऱ्याने त्याला जुळवून घेतलं होतं; कुठे घासायचं, कुठे थांबायचं, हेच त्याला कळेना.

संध्याकाळी व्यापारी आला. कापडावर एक कात्री चालवून त्याने ती हळूच बाकावर ठेवली आणि रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

"चहा तरी घ्या," थोरला म्हणाला.