गार इस्त्री

माझ्या नवऱ्याचा डावा अंगठा मशीनने नेला, पण खरं सांगायचं तर हट्टाने नेला. कोटांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर. चाळीस थर एकावर एक अंथरायचे आणि उभ्या पात्याच्या मशीनने एका दमात कापायचे. डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा घालायचा, असा नियम होता. आमचे मास्तर तो खुंटीला लटकवून ठेवायचे. "त्यातून कापड कळत नाही," म्हणायचे. वरच्या थरावर अंगठा फिरवला की खालचा कितवा थर सरकलाय ते त्यांना समजायचं. बावीस वर्षं समजलं. एके दिवशी दुपारी पातं समजायच्या आत येऊन गेलं.

मी त्याच कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर बसते. ओरडणं ऐकलं नाही, कारण चाळीस मशीनं चालू असताना तिथे कुणाचंच काही ऐकू येत नाही. माणसं धावताना दिसली, तेव्हा उठले. अंगठा जोडण्यासारखा उरला नव्हता.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला एकदम चोख. म्हणाल्या, पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट काढून हातावर लावू. शिरा, नसा, हाड, सगळं जोडू. आमची लेक तेवढ्यातही म्हणाली, "बाबा, मग हिवाळ्यात हाताला मोजा घालायचा का पायाला?" मास्तर हसले. अपघातानंतरचं ते पहिलं हसणं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कापड कळेल का?"

"पकडता नक्की येईल," बाई म्हणाल्या. "कळेल का, ते नसांवर आहे. नस फार हळू वाढते. सहा महिने तरी जातील. कधी थोडं कळतं, कधी जवळजवळ नाहीच."

यातलं मास्तरांनी फक्त 'कळतं' एवढंच ऐकलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेवढंच ऐकलं असतं.

ऑपरेशन बारा तास चाललं. पुढचे पाच दिवस दर तासाला नर्स येऊन बोट गरम आहे का, गुलाबी आहे का ते बघायची. चहा बंद, सिगरेट बंद, खोलीतला पंखासुद्धा बंद. मी डोळ्यांत तेल घालून त्या एवढ्याशा नखाकडे बघत बसायचे. बोट जगलं. चौकोनी नखाचं, पुढे फुगीर असं ते बोट हातावर अवघडून उभं राहिलं, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं. मास्तर चालताना थोडे लंगडायचे, पण महिन्याभरात किल्ली धरायला लागले, दोन महिन्यांत पेला. लोक म्हणायचे, कमाल आहे. मास्तर म्हणायचे, "पेला काय, कुणीही धरतो."

मालकांनी मास्तरांचं कटिंगचं टेबल राखून ठेवलं होतं. तिथे तात्पुरता एक माणूस उभा केला होता, तो हातमोजा घालून काम करायचा. "सहा महिने थांबतो मास्तर," मालक म्हणाले होते, "पण नुसतं पकडणारा माणूस मला कुठेही मिळेल." वाईट माणूस नाही तो. खरं तेच बोलला.

बाईंनी घरी करायला व्यायाम दिला होता. डोळे मिटायचे आणि नव्या अंगठ्याने वस्तू ओळखायची. मी बुटांच्या खोक्यात कारखान्यातले तुकडे आणून ठेवले: सुती, रेशमी, लोकरी, अस्तराचं. रोज संध्याकाळी मास्तर डोळे मिटून बसायचे, मी एकेक तुकडा अंगठ्याखाली सरकवायचे. दुसरी बोटं लावायची नाहीत, असा कडक नियम. पहिले तीन महिने शून्य. चौथ्या महिन्यात ते एकदम म्हणाले, "अस्तर." अस्तरच होतं. मग रेशीम. मग पुन्हा अस्तर. लेक टाळ्या पिटत नाचली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण मीही कापडातच हात घालून बसलेली बाई. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की उत्तर द्यायच्या आधी यांची मान किंचित कलते. अस्तर सळसळतं, रेशीम चुरचुरतं, लोकर गप्प असते. एका संध्याकाळी मी मोरीतला नळ पूर्ण सोडला, खाली पालथी बादली ठेवली, आणि त्या आवाजात त्यांच्या अंगठ्याखाली जाड लोकर सरकवली.

मास्तर बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "रेशीम."

त्यांनी डोळे उघडायच्या आत मी तुकडा खोक्यात टाकला आणि म्हणाले, "बरोबर."

का म्हणाले? त्यांचा चेहरा वर झाला होता, उत्तराची वाट बघत. त्या चेहऱ्याला 'चूक' म्हणायची माझी छाती झाली नाही, एवढंच. आणि एकदा म्हटल्यावर रोज म्हणत गेले. दहापैकी दहा बरोबर आले तर संशय येईल, म्हणून एक चूक मुद्दाम ठेवायचे. स्वतःची अक्कल कुठे चालवली बघा.

सहा महिन्यांनी बाईंनी सुईने, दोऱ्याने तपासलं. कपाळाला आठ्या घातल्या. "माझ्या टोचण्याला उत्तर नीट येत नाहीये."

"घरी येतं," मास्तर म्हणाले. "हिला विचारा. दहापैकी नऊ."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"मग सुरुवात झाली म्हणायची," त्या म्हणाल्या. कामावर जायची चिठ्ठी दिली, पण खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: पात्यापासून आणि गरम वस्तूंपासून दूर. मालकांनीही ती पाळली. मशीन त्या दुसऱ्या माणसाकडेच ठेवलं आणि मास्तरांना कापड अंथरून थर तपासायला दिले. "आठवडाभर तुमचा हात बघतो," म्हणाले, "मग मशीन तुमचंच."

पहिल्याच दिवशी ताग्यातून निघालेल्या कापडाला मधोमध चुणी होती. अशी चुणी इस्त्रीने मोडल्याशिवाय त्यावर दुसरा थर टाकता येत नाही. इस्त्रीवाला चहाला गेला होता, त्याची इस्त्री चालूच होती. मास्तरांनी बावीस वर्षं जे केलं तेच केलं. उजव्या हाताने इस्त्री उचलली, डावा अंगठा जिभेवर ओला केला आणि किती तापलीय ते बघायला इस्त्रीच्या तव्याला लावला. ओला अंगठा चर्र झाला असणार. पण त्या मशीनांच्या गोंगाटात कोण ऐकणार?

मला वास आला. वाटलं, कुणीतरी लोकर जाळली. कुणाचा कोट गेला म्हणून मी मान वर केली. मास्तर कापडातल्या चुणीकडे बघत उभे होते, अंगठा इस्त्रीच्या तव्यावर सपाट टेकवलेला, आणि ओठांवरून मला कळलं, ते विचारत होते, "अरे, ही इस्त्री गार कशी?"

अंगठा हाडापर्यंत भाजला होता. बाईंनी बारा दिवस झुंज दिली. तेराव्या दिवशी काढून टाकला. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "दहापैकी नऊ म्हणाला होतात." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. दुसऱ्या पायाचं बोट आहे, असं त्या हळूच म्हणाल्या, पण मास्तरांनी पाय चादरीखाली ओढून घेतला. मालक येऊन बसून गेले. टेबलाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

घरी आलो त्याला आता महिना होईल. लेक गंमत करायची थांबली आहे. काल मी खोकं माळ्यावर टाकायला निघाले, तेव्हा मास्तर म्हणाले, "त्या दिवशी नळ कशाला सोडला होतास?"

"भांडी घासायला."

"मोरीत भांडं नव्हतं. मी नंतर हात धुवायला गेलो होतो."

मी म्हणाले, "तुम्ही आवाजावरून ओळखत होतात. मला कळलं होतं."

"आवाजावरून?" ते खरंच चकित झाले. डाव्या हाताच्या चार बोटांकडे बघत म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं. मला काहीच लागायचं नाही हाताला. मनात येईल ते म्हणायचो. तू 'बरोबर' म्हणायचीस, म्हणून मला वाटायचं, अंगठ्याला कळतंय, फक्त मलाच अजून पत्ता लागत नाहीये. त्या दिवशी इस्त्री गार लागली, तेव्हासुद्धा मी अंगठ्यावरच विश्वास ठेवला."

मग त्यांनी माझ्या हातातलं खोकं घेतलं, स्वतःच माळ्यावर ठेवलं आणि चहा टाकायला सांगितला.