बाहत्तर किलोचा हेमसिंग

रऊफसेठच्या दालमिलचा काटा रोज सकाळी वजनानं नाही, माणसानं तपासला जायचा. हेमसिंग हमाल चपला काढून काट्यावर उभा राहायचा, लाल आकडे बाहत्तरवर थांबले की सेठ म्हणायचा, "काटा बरोबर हाय," आणि मिल सुरू. वीस वर्षांत हेमसिंगचं वजन हललं नव्हतं. लग्नात ताव मारून आला तरी बाहत्तर, तापातून उठला तरी बाहत्तर. कामरगावात रऊफसेठचा काटा म्हणजे खरा काटा, आणि त्या नावाचा सेठला भारी तोरा. अब्बांच्या वेळचं, सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं लोखंडी वजन होतं मिलमध्ये. पण ते दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी टेकवलेलं. जिताजागता हेमसिंग असताना त्या लोखंडाला कोण विचारतो?

तर यंदा तुरीच्या हंगामात हा काटा बिघडला. एका सकाळी आकडे सत्तरवरच थांबले. सेठनं कारंज्याहून काटे दुरुस्त करणाऱ्या अल्ताफला बोलावलं. तो बिचारा गाडीवरून आपली वजनं उतरवायला लागला, तर सेठ म्हणे, ते कायले उतरवतो, हेमसिंग हाय ना. अल्ताफनं हेमसिंगला उभं केलं, बाहत्तर लावून दिलं आणि चहा पिऊन गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. महिन्यानं आणखी एकदा. सेठनं काटा बनवणाऱ्या कंपनीला भरपूर शिव्या घातल्या. तिकडे धनजचे शेतकरी वाटेतल्या दोन मिल सोडून त्याच्याच दारात तूर आणू लागले, आणि भरलेल्या मालात तूट येते म्हणून सेठ उंदरांवर डाफरू लागला.

त्याच सुमारास त्या रस्त्यावरच्या सहा मालकांनी, म्हणजे दालमिलवाले, कापसाचे जिनवाले आणि वीटभट्टीवाले अशा सगळ्यांनी मिळून, प्राथमिक आरोग्य केंद्राशी जमवून एक गट केला. मजूर आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी कामाच्या जागीच करायची, त्या दिवसाची रोजी कापायची नाही, आणि आजारी निघेल त्याला कामावरून काढायचं नाही. मोठ्यानं बोलतो म्हणून रऊफसेठला गटाचा अध्यक्ष केलं. त्यानं कागदावर ऐटीत सही ठोकली आणि तो कागद मिलच्या भिंतीवर डकवला. हेमसिंगला वाचता येत नव्हतं, आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला सांगावं असं कुणाला सुचलं नाही.

तपासणीच्या दिवशी आरोग्य केंद्राची वैष्णवी वजनकाटा घेऊन आली. ही इंझोरीची पोरगी. हिच्या बापाची तूर दरवर्षी याच मिलमध्ये यायची. हमाल रांगेत उभे राहिले, फक्त हेमसिंगचा पत्ता नाही. सेठनं त्याला पोत्यांच्या थप्पीमागून हुडकून आणला आणि सगळ्यांदेखत वैष्णवीच्या काट्यावर चढवला. काटा म्हणाला, सहासष्ट.

सेठ पोट धरून हसला. सरकारी माल असाच राहते, म्हणाला, आणि हेमसिंगला आपल्या काट्यावर उभं केलं. बाहत्तर. सेठनं मिशीवरून हात फिरवला.

वैष्णवी हसली नाही. तिनं दाराशी टेकवलेलं ते लोखंडी वजन दोन हमालांकडून उचलवून आणलं. आधी तिच्या काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. मग सेठच्या काट्यावर. एकवीस किलो आठशे ग्रॅम.

"काका," ती म्हणाली, "तरीच आमचे बाबा म्हणून राह्यले, यंदा तूर लय वजनदार निघाली."

हमालांत खसखस पिकली. तेवढ्यात काट्याशेजारी उभा असलेला हेमसिंग खोकला, बराच वेळ खोकला, आणि मग खाली बघत म्हणाला, "सेठ, काटा पयलेपासून बरोबर व्हता. म्याच कमी होऊन राह्यलो."

पँट ढिली झाली तेव्हाच त्याला कळलं होतं. पण ज्याचं वजन टिकत नाही त्याला काट्यावर कोण उभं करणार, आणि काट्यावरून उतरलेल्या हमालाला मिलमध्ये कोण ठेवणार, या भीतीनं तो दोन महिने गप्प होता. आता काट्यावर दुसरा माणूस पाहा, तो म्हणाला, अन् गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

रऊफसेठ पोत्यावर बसला. त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. वीस वर्षांचा माणूस डोळ्यांसमोर सहा किलो झिजला, आणि आपण कारंज्याहून मिस्त्री बोलावत होतो.

"दुसरा कायले?" तो शेवटी म्हणाला. "माणूस दुरुस्त कराचा सोडून म्या काटा दुरुस्त करत बसलो. तुले काढाचं असन तर पयले त्या कागदावरची माही सही पुसा लागन." आणि भिंतीवरचा कागद त्यानं स्वतः हेमसिंगला वाचून दाखवला, अक्षर न् अक्षर, शेवटची ओळ दोनदा.

थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी, फुकट. हेमसिंगच्या घरचे तपासले, मिलमधले सगळे तपासले. गटामुळे वीटभट्टीवरचे आणखी दोघं वेळीच सापडले. त्या तिघांना दर महिन्याला शेंगदाणे, चणे, डाळ सहा मालकांकडून जायची, आणि डाळ रऊफसेठची, निवडून घेतलेली. सुरुवातीचे काही आठवडे हेमसिंग घरी राहिला. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आला, तो धुळीपासून लांब, फाटकावर बसायला.

अल्ताफनं काटा नीट लावून दिला, या वेळी लोखंडानं. शेतकरी जरा हिरमुसले. पण रोज सकाळी लोखंडी वजन ठेवून काटा तपासला की सेठ फाटकाकडे हाक मारायचा आणि हेमसिंगला चढवायचाच. सदुसष्ट. अडुसष्ट. सत्तरवर गाडी तीन आठवडे अडली, तेव्हा हमालांनी आपापल्या डब्यातली भाकर त्याला खाऊ घालून जीव नकोसा केला.

गोळ्या संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी हेमसिंग चपला काढून काट्यावर चढला. सगळी मिल थांबली. आकडे डळमळले आणि बाहत्तरवर थांबले.

सेठनं डोळे बारीक केले, नाक ओढलं.

"उतर," तो म्हणाला. "काटा बिघडला वाटते."

हेमसिंग उतरला. सेठनं दोन्ही हातांनी लोखंडी वजन उचलून काट्यावर ठेवलं.

वीस.

"काटा बरोबर हाय," रऊफसेठ म्हणाला, आणि मिल सुरू.