संगहोच्या आईचा वाघ

वाघ तोंडातून निघून गेला आणि मग तो परत गिळायची काही सोय राहिली नाही.

त्याचं असं झालं. कोरियातल्या तोंगयोंगच्या धक्क्यावर कालवं सोलायची शेड आहे. तिथं सकाळपासून बायका ओळीनं उभ्या असतात, हात सुरीवर आणि तोंड सगळ्या गावावर. त्या दिवशी दोक्सूची आई नातवाचं कौतुक लावून बसली होती. नातू असा, नातू तसा, नातवाची शीसुद्धा सोन्याची. समोर उभी संगहोची आई निमूटपणे ऐकत होती. तिला आता तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं.

"तुमच्याकडे काय गं?" दोक्सूच्या आईनं विचारलं. "सुनेला दिवस गेलेत ना? स्वप्न पडलं की नाही कुणाला?"

पोटात बाळ आलं की घरातल्या कुणाला तरी त्याचं स्वप्न पडतंच, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. वाघ दिसला, बैल दिसला, लाल मिरची दिसली की मुलगा. फूल, फळ, दागिना दिसला की मुलगी. संगहोच्या आईला त्याच पहाटे स्वप्न पडलं होतं. पण दोक्सूच्या आईचा तो खवचट चेहरा समोर, आणि घरात पहिली नात आहेच. तिनं हातातलं कालव खाडकन फोडलं.

"पडलं की! वाघ आला. सरळ अंगणात शिरला आणि रांजणांपाशी ऐसपैस बसला. हा एवढा!"

शेडमधल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. दोक्सूच्या आईचं तोंड असं काही झालं, की संगहोच्या आईला दुपारपर्यंत ते पुरलं.

पण संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत वाघ घरी पोचला होता. मिरान, तिची सून, दारातच उभी होती.

"आई, खरंच वाघ? मला का नाही सांगितलंत?" आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पहिली मुलगी यूरी झाली तेव्हा संगहोचे थोरले काका बाळ बघायला आले, दारातून डोकावले आणि "बरं, पुढच्या वेळी बघू," म्हणून चालते झाले होते. पाच वर्षं मिराननं ते वाक्य पोटात ठेवलं होतं. आता तिचा चेहरा असा सैल झाला होता, की सासूला खरं सांगवेना. तिनं मनाशी हिशेब केला : बाळंतपणापर्यंत तरी पोरगी सुखात राहील. एकदा बाळ मांडीवर आलं की वाघ कुणाला आठवतोय! आपल्या काळी असं खपून जायचं. पोटातलं दाखवणारी मशीन नावाची वस्तू आता निघालीय, ती तिच्या ध्यानातच आली नाही.

मशीनची वेळ आली तेव्हा संगहो बोटीवर होता, म्हणून सासूच सुनेबरोबर गेली. डॉक्टर वयस्कर बाई होती. तिनं मिरानच्या पोटावर थंडगार चिकट काहीतरी फासलं, त्यावरून एक दांडी फिरवली, आणि काळ्या काचेवर पांढरं धुकं हललं. बघता बघता त्या धुक्याचं डोकं झालं. मग एक हात झाला आणि तो हात हळूच तोंडाकडे गेला.

"अंगठा चोखतंय बघा," डॉक्टरबाई म्हणाली.

संगहोच्या आईनं पदरी एक मुलगा वाढवला होता, पण पोटातलं मूल तिनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. तिला वाटलं, काच फोडावी आणि त्याला उचलून घ्यावं.

पोटात काय आहे ते सांगायला डॉक्टरांना कायद्यानं बंदी होती. म्हणून सगळे डॉक्टर जे करत तेच हिनंही केलं. पोट पुसायला कागद देता देता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कपडे घ्यायचे असतील तर गुलाबी घ्या. छान दिसतील."

मिरान तशीच पडून राहिली. कागद तिच्या हातात तसाच राहिला. शेवटी सासूनंच तिचं पोट पुसलं.

परतीच्या बसमध्ये मिरान खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर चुकल्या असतील, आई. तुमचा तर वाघ आहे."

सासूनं तिकिटाची घडी घातली.

"शेजारची ताई म्हणत होती, बुसानला मोठं मशीन आहे. तिथं पक्कं कळतं. गुरुवारी जाऊन येते मी."

"आणि पक्कं कळलं तर?"

मिराननं तोंड खिडकीकडे फिरवलं. ते सांगायची गरजही नव्हती. बुसानला जाऊन आलेल्या बायका संगहोच्या आईनं बघितल्या होत्या. बाळंतिणीसारखं त्या आठवडाभर समुद्रशेवाळाचं सूप प्यायच्या, आणि घरात बाळ नसायचं. नुसत्या बढाईसाठी आणलेला वाघ आता खरोखर दारात बसला होता, आणि अंगठा चोखणाऱ्या त्या पोरीवर नजर लावून होता.

बस थांबली. दोघी उतरल्या. सासू तिथल्याच बाकावर बसली आणि तिनं मिरानला हात धरून शेजारी बसवलं.

"वाघ आला नव्हता गं पोरी."

"काय?"

"खोटं बोलले मी. दोक्सूच्या आईला गप्प करायला बोलले. मग तू रडलीस, आणि मला ते मागं घेता येईना."

मिरान तिच्याकडे वळली. "मग खरं काय पडलं होतं?"

"ओहोटी होती. मी एकटीच चिखलात कालवं वेचत होते. एक कालव आपोआप उघडलं. आत मांस नाही, काही नाही, एक पांढरं फूल. पाण्यानं भरलेलं, तरी ऊन ऊन. मी ते ओच्यात घेतलं आणि पळत सुटले. कुणी हिसकावून घेईल म्हणून." ती थांबली. "इतकी खूश मी जागेपणी कधी झाले नाही, मिरान. आणि उठल्यावर मला त्या खुशीची लाज वाटली. ती लाज हेच माझं खरं पाप. वाघाचं मनावर घेऊ नकोस."

"लाज कसली?"

"तुला माझं नाव माहितीये ना?"

मिराननं मान हलवली. हुनाम. लग्नाच्या कागदावर तिनं ते एकदा वाचलं होतं. मागून मुलगा येऊ दे, असं त्या नावातच मागणं होतं. लागोपाठ मुली झाल्या की तिथं शेवटच्या मुलीला असलं नाव ठेवत.

"आई मला अंगणातून हाक मारायची. मी 'ओ' द्यायच्या आधी वळून मागं बघायची. मला वाटायचं, माझ्यामागं जो उभा आहे त्याला बोलावतेय. मग भाऊ झाला. नावाचं काम झालं. तरी ते मलाच चिकटून राहिलं." तिनं सुनेचा हात सोडला. "तू जा नाहीतर जाऊ नकोस. काका बोलणार तुला, तुझ्या वाट्याचं मला सोसता येणार नाही. पण खोट्या वाघापायी जाऊ नकोस, एवढंच."

मिरान उठली आणि घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये संगहोच्या आईनं सुरी खाली ठेवली.

"ऐका गं सगळ्याजणी. माझ्या स्वप्नात वाघबिघ काही आला नव्हता. मी थाप मारली. फूल आलं होतं. कालवातलं पांढरं फूल. आमच्याकडे मुलगी येतेय."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग जो हशा पिकला तो पार धक्क्याच्या टोकाला उभ्या बर्फाच्या गाडीपर्यंत ऐकू गेला. दोक्सूच्या आईला तर उभं राहवेना. "वाघाचं फूल झालं गं बाई! शेपूट कुठं गेलं मग?" दिवसभर तेच चाललं. जो तो येऊन शेपटाची चौकशी करून जात होता. संगहोच्या आईचे कान तापले, पण तिनं हात थांबवला नाही. आणि कुणी विचारलं की ती स्वप्न पहिल्यापासून सांगायची. ओहोटी, चिखल, ते ऊन ऊन फूल, ओचा, सगळं. संध्याकाळपर्यंत एक-दोघी हसायच्या थांबल्या होत्या. दोक्सूच्या आईनंच जाता जाता विचारलं, "फूल खरंच ऊन होतं?"

"नुकत्याच वाफवलेल्या भातासारखं," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी मिराननं चांगला कोट चढवला, यूरीला सासूच्या स्वाधीन केलं आणि "येते," एवढंच म्हणून निघून गेली. संगहोची आई कामावर गेली नाही. तिनं तांदूळ धुतले, परत धुतले. यूरीच्या वेण्या घातल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. बुसानची बस सुटायची वेळ झाली आणि टळली. तिला रडू येत होतं आणि नातीसमोर रडायची चोरी होती.

दुपार व्हायच्या आत फाटक वाजलं. मिरान होती. बुसानला जाऊन इतक्या लवकर कुणी परत येत नाही. तिनं कोट काढला नाही, सरळ येऊन सासूच्या पुढ्यात बसली.

"बाजारात होते. निम्म्या बाजारानं थांबवून विचारलं मला, कालवातल्या फुलाची आई तूच का म्हणून. दोक्सूच्या आईनं तर माझ्या पोटाला हात लावून बघितला."

मग तिनं पिशवी सासूच्या मांडीत उपडी केली. लोकरीचे गुंडे घरंगळले. सगळे गुलाबी.

"विणायला तुम्हीच बसायचं. ही शिक्षा समजा." मिरान हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "आणि नावही तुम्हीच सांगा. काकांना विचारायचं नाहीये मला."

संगहोच्या आईनं एक गुंडा उचलून गालाला लावला.

"कुठलंही ठेव," ती म्हणाली. "फक्त हाक मारली की तिनं मागं वळून बघायला नको."