जरा पुढे जाऊन परतणारा पूल

मित्रांनो, तुम्ही खेळण्यातलं आगगाडीचं इंजिन आहात अशी कल्पना करा. रूळ संपले, पुढे भिंत आली. आता तोंड कसं फिरवणार? अशा वेळी जो तुम्हाला पाठीवर घेतो, गोल फिरवतो आणि हव्या त्या रुळासमोर नेऊन सोडतो, तो मी. मी एक जुना फिरता पूल आहे.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. घरातली आत्या प्रिंटर दुरुस्त करायची. मोडीत निघालेल्या एका प्रिंटरची मोटर तिने घरी आणली. आत्याने प्लायवूडमध्ये गोल खड्डा कापला, पितळी पट्टीचा पूल केला, त्यावर रूळ डकवले आणि खाली दातेरी चाकं बसवली. ताटांना जागा उरली नाही, म्हणून सगळे मांडीवर ताट घेऊन जेवू लागले.

माझी मोटर बारीक बारीक पावलं टाकत फिरते. कोणत्या रुळासाठी किती पावलं, हे मला शिकवलं आत्याच्या भाचीने. एका जागी बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत; माझ्यासमोर मात्र ती तासन्‌तास बसे. डावी असो की उजवी, जी बाजू जवळची तिकडून मी वळावं, असंही तिने ठरवलं. त्या युक्तीचा तिला भारी अभिमान होता.

आजोबांनी स्वतःच्या हाताने घडवलेलं पितळी इंजिन पहिल्यांदा माझ्या पाठीवर आलं, तेव्हा मी ताठ उभा होतो. मी वळलो, थांबलो. इंजिन पुढे सरकलं, आणि कोपऱ्यातल्या रुळाशी चाक अडखळून ते थेट खड्ड्यात पडलं. त्याचं धुराडं वाकलं. मी केसभर तिरका थांबलो होतो.

आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी इंजिन रुमालाने पुसलं आणि कपाटात ठेवून दिलं.

"रविवारी पाहुणे यायच्या आत या खड्ड्यावर फळी टाका," ते म्हणाले. "साधे सरळ रूळ बरे."

"बाबा, एकदाच तर चुकलं," आत्या म्हणाली.

"एकदाच पडलं, म्हणून एकच धुराडं वाकलं!"

भिंगरीने मान वर केली. "फळी नाही टाकायची. मी करते नीट."

तिने पावलं बदलून पाहिली. उजवीकडून आलो की मी बरोबर थांबे, डावीकडून आलो की चुके. डावीकडचं सुधारलं की उजवीकडचं बिघडे. फळी आणून भिंतीला टेकवून ठेवलेली मला दिसत होती.

"मोटरच बदलू या का गं?" आत्याने विचारलं.

"नको. ती पावलं बरोबर मोजते, मी बघितलंय."

मग भिंगरीने माझ्या टोकाला बोट लावून अलगद ढकललं. मोटर जागची हलली नाही, मी मात्र केसभर सरकलो.

"आत्या, हा हलतोय!"

"चाकांच्या दात्यांत तेवढी फट लागतेच. अगदी घट्ट बसवली तर चाकं अडकतील."

भिंगरी वेणीचं टोक चावत बसली. मग ताडकन उठली. "म्हणजे उजवीकडून आला की फट एका बाजूला राहते, डावीकडून आला की दुसऱ्या! मग याला कायम एकाच बाजूने आणायचा."

"आणि तुझा जवळचा रस्ता? केवढी मिरवत होतीस!"

"गेला खड्ड्यात!"

"इंजिनासारखा?" आत्या हसली.

तेव्हापासून मी डावीकडून आलो, की रुळाच्या जरा पुढे जातो आणि मग उजवीकडून परततो. पाहणाऱ्याला वाटतं, हा वाट चुकला.

"याला स्वतःचं घरही आठवत नाही वाटतं," आजोबा म्हणाले.

"आठवतं. नख फिरवून बघा, आजोबा."

आजोबांनी रुळांच्या सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग ते कपाटाकडे गेले.

मित्रांनो, आता माझं पितळ काळवंडलंय. कधी कधी खड्ड्यात धूळ साठते आणि महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. एवढंच मागणं आहे: माझ्यासारख्यांचे रूळ पुसत जा, घाईत आम्हाला हाताने गरागरा फिरवू नका. आणि यंत्र चुकलं की त्यावर फळी टाकण्याआधी, ते कुठे ढिलं आहे हे बोटाने चाचपून बघा.

त्या दिवशी वाकड्या धुराड्याचं इंजिन पुन्हा माझ्या पाठीवर चढलं, फिरलं आणि समोरच्या रुळावरून सरळ निघून गेलं.

"जिंकलीस बाई! चला आता जेवायला," आजोबा म्हणाले.

भिंगरी उठली नाही. तिने इंजिन परत माझ्यावर आणलं. "कोपऱ्यातला रूळ राहिलाय."

ते पडलं होतं तोच रूळ. मी फिरलो, जरा पुढे गेलो, परतलो. इंजिन झेलायला आजोबांचा हात आपोआप खड्ड्यावर आला.

"हात काढा, आजोबा," भिंगरी म्हणाली, आणि तिने बटण दाबलं.